मूळ कारण ‘मानवी चूक’ नव्हतं

प्रति,
डिलिव्हरी प्रमुख आणि संचालक,
महाराष्ट्रातल्या सर्व सॉफ्टवेअर सेवा कंपन्या

विषय: प्रॉडक्शनच्या (म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या चालू यंत्रणेच्या) कीज आणि पासवर्ड सांभाळण्यातली हेळसांड आणि तिचं खापर फ्रेशर मुलांवर फोडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका कंपनीने नुकताच एका फ्रेशर मुलीचा राजीनामा घेतला. कागदावर तो तिने वैयक्तिक कारणासाठी दिला आहे. खरं कारण असं की, तिने डॉकर हब या ऑनलाइन साठ्यावर टाकलेल्या एका इमेजमधून (चालवायला तयार अशा ॲपच्या गाठोड्यातून) क्लायंटच्या क्लाउड खात्याची, म्हणजे भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हर्सच्या खात्याची, ॲक्सेस की बाहेर गेली. काही तासांत ती कोणाच्या तरी हाती लागली आणि क्लायंटच्या खर्चाने भलत्याच देशातल्या डेटा सेंटरमध्ये क्रिप्टो मायनिंगची मशीन्स चालू झाली. क्लायंटला जो अहवाल गेला, त्यात ‘मूळ कारण’ या रकान्यात दोनच शब्द आहेत: मानवी चूक. ‘केलेली उपाययोजना’ या रकान्यात लिहिलंय की संबंधित कर्मचाऱ्याला प्रकल्पातून कमी केलं आहे.

त्या रात्री निस्तरायला ज्यांना उठवलं, त्यांच्यात मी होते. सर्व्हर, पाइपलाइन (कोड आपोआप तपासून पुढे धाडणारी साखळी), डिप्लॉयमेंट हीच माझी रोजीरोटी. अहवाल वाचल्यावर मी आत रीतसर, लेखी हरकत घेतली. ‘विषय बंद झालाय’ एवढंच उत्तर आलं. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की बाकीचे सगळे ‘ते त्यांचं त्यांच्यापाशी’ म्हणून सुटतील. मी जिथे जिथे काम केलं आणि माझे मित्रमैत्रिणी जिथे काम करतात, मग ते हिंजवडी असो, खराडी असो, ऐरोली असो की नाशिक-नागपूर, कारभार थोड्याफार फरकाने हाच आहे.

ती की त्या मुलीच्या हातात आली कशी, हे अहवालात कुठेच नाही. ते आधी सांगते.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिची केटी (नॉलेज ट्रान्सफर, कामाची ओळख) झाली. केटी म्हणजे काय, तर टीम लीडने टीम्सवर एक झिप पाठवली आणि खाली लिहिलं, ‘यातली डॉट एन्व्ह घे, प्रोजेक्ट रन होईल.’ डॉट एन्व्ह म्हणजे प्रकल्पाची सेटिंग्ज आणि पासवर्ड ठेवायची साधी फाईल. ती नंतर मी उघडून पाहिली. चाळीसेक ओळी. वरच्या ओळी पोर्ट नंबर, लॉगची पातळी अशा निरुपद्रवी. त्याखाली डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड, तोही प्रॉडक्शनचा, कारण ‘स्टेजिंगवर’, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, ‘डेटा नीट नाही’. मग पेमेंट गेटवेची लाइव्ह की. एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचं टोकन. आणि शेवटी क्लाउडची ॲक्सेस की, जिला त्या खात्यात वाट्टेल ते करायची मुभा होती. तिच्या डोक्यावर कोणीतरी कॉमेंट लिहून ठेवली होती: ‘टेम्पररी, नंतर बदलणे’. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. लीडला ही फाईल त्याच्या आधीच्या लीडकडून व्हॉट्सॲपवर आलेली.

पुढे क्लायंटच्या डेमोसाठी ॲपची डॉकर इमेज हवी होती. कंपनीच्या खासगी रजिस्ट्रीचा (इमेजेस ठेवायच्या साठ्याचा) ॲक्सेस त्या मुलीला मिळालेला नव्हता, तिचं तिकीट, म्हणजे मागणीचा अर्ज, मंजुरीसाठी पडून होतं. डेमो दुसऱ्या दिवशी सकाळी. लीड म्हणाला, ‘तुझ्या डॉकर हबवर टाक, मी तिथून ओढतो.’ तिने टाकली. डॉकर हबवर नवी रिपॉझिटरी (साठवणीचा कप्पा) आपण मुद्दाम बदललं नाही तर सार्वजनिक बनते. डॉकरफाईल (इमेज बनवायची कृती) त्या मुलीच्या कितीतरी आधी कोणीतरी लिहिलेली होती आणि तिच्यात अख्खं फोल्डर इमेजमध्ये उतरवणारी ओळ होती. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि त्यात काय घ्यायचं नाही याची यादी म्हणजे गिटइग्नोर. तिच्यात डॉट एन्व्हचं नाव होतं, म्हणून ती फाईल गिटमध्ये कधी गेली नाही. पण डॉकर गिटइग्नोर वाचत नाही. त्याला वेगळी डॉकरइग्नोर फाईल लागते आणि ती त्या प्रकल्पात कधी नव्हतीच. डॉकरफाईलच्या शेवटाला डॉट एन्व्ह पुसणारी एक ओळ होती, म्हणजे कोणाला तरी पूर्वी शंका आली होती. त्या ओळीचा उपयोग शून्य. डॉकरची इमेज थरावर थर अशी बनते. वरच्या थरात पुसलेली फाईल खालच्या थरात जशीच्या तशी राहते आणि ते थर कोणालाही सुटे करून पाहता येतात.

ही काही जगावेगळी घटना नाही. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठातल्या संशोधकांनी ३,३७,१७१ इमेजेस तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा त्यातल्या साडेआठ टक्के इमेजेसमध्ये सीक्रेट्स (कीज, पासवर्ड यांसारखी गुपितं) सापडली होती. जी गोष्ट दर बारा इमेजेसमागे एकदा घडते, ती एका मुलीच्या वेंधळेपणाची गोष्ट कशी?

आणि जे मला सगळ्यांत जास्त लागलं, ते हे. गळती पकडली तिनेच. रात्री घरून तिने सहज ते पान उघडलं, डाउनलोडचा आकडा वाढलेला दिसला, लीडशिवाय कोणाला तो पत्ता माहीत नसताना आकडा वाढतोय कसा म्हणून ती दचकली आणि तिने स्वतः लीडला फोन केला. क्लाउडवाल्यांचा सावध करणारा मेल तोपर्यंत येऊन पडला होता, पण तो गेला होता खातं उघडणाऱ्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर, आणि तो माणूस कंपनीत नव्हता. तिने फोन केला नसता तर महिनाअखेरीचं बिल येईपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. जिने कळवलं तिचाच राजीनामा घेतला. लीडलाही मी दोषी धरत नाही. दुसरा रस्ता त्याच्यासाठी कोणी बांधून ठेवलेला नव्हता. पण ज्यांनी तो बांधायचा होता, ते या अहवालात कुठेही नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

खालच्या माणसावर ढकलून मोकळं व्हायची रीत अमेरिकेतही आहे. सोलरविंड्स या कंपनीच्या सर्व्हरचा ‘सोलरविंड्स१२३’ हा पासवर्ड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सार्वजनिक पडलेला एका संशोधकाला दिसला आणि त्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीला कळवलं. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या प्रचंड सायबर हल्ल्याचं कारण हाच पासवर्ड होता असं सिद्ध झालेलं नाही, पण २६ फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समित्यांसमोर याबद्दल विचारणा झाली, तेव्हा माजी सीईओ केविन थॉम्पसन यांनी सांगितलं की ती एका इंटर्नची चूक होती. इंटर्नला असा पासवर्ड ठेवता कसा आला, तो इतका काळ टिकला कसा, याची जबाबदारी इंटर्नवर कशी येते? तोच प्रश्न मी आपल्याला विचारते आहे.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

प्रॉडक्शनच्या कीज आपल्याकडे सगळ्यांकडे असतात. रुजू होऊन चार दिवस झालेल्या मुलाला आपण प्रॉडक्शन सर्व्हरवर लॉगिन देणार नाही, त्यासाठी तीन मंजुऱ्या लागतात. पण त्याच सर्व्हरच्या डेटाबेसचा पासवर्ड त्याच्या लॅपटॉपवरच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतो. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर सरकवत गेलं की तो सापडतो. शेअर्ड ड्राइव्हवर ‘क्रेडेन्शियल्स फायनल’ नावाची एक्सेल असते, आणि तिची लिंक कोणाकोणाकडे आहे, हे आपल्यापैकी एकालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ऑडिटच्या आठवड्यात ती एक्सेल दुसरीकडे हलवतात. ऑडिट संपलं की ये रे माझ्या मागल्या.

दुसरी तक्रार बदलण्याबद्दल, आणि हिच्यावर मी थोडी थांबणार आहे. की एकदा तयार झाली की ती वर्षानुवर्षं तशीच चालते. बदलू या म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘हात लावू नकोस, चालतंय ते.’ हे उत्तर भीतीतून येतं, आणि ती भीती खरी आहे, कारण ती की कुठे कुठे वापरली आहे हे कोणालाच माहीत नसतं. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या एखाद्या जुन्या क्रॉन जॉबमध्ये असेल, पाइपलाइन चालवणाऱ्या कोणाच्या तरी जेनकिन्समध्ये असेल, रिपोर्ट बनवणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये असेल. या प्रकरणात क्लाउडची की आम्ही त्याच रात्री बंद केली. पण त्या फाईलमध्ये बाकीची सीक्रेट्सही होती आणि ती सगळी त्याच इमेजमधून फुटली होती. ती बदलायला पुढे कित्येक आठवडे गेले. मधल्या काळात इमेज डॉकर हबवरून काढून टाकली आहे, याच समाधानावर बैठका संपत होत्या. घराची किल्ली चोराच्या हाती गेल्यावर आपण कुलूप बदलतो, ती किल्ली कुठे पडली होती ती जागा झाडत बसत नाही. इथे मात्र फाईल डिलीट केली, गिटचा इतिहास पुसला, रिपो (रिपॉझिटरी) प्रायव्हेट केली की काम झालं, असं आपण मानतो. जे एकदा बाहेर गेलं त्याची नक्कल कोणीतरी घेतलेली आहे असं धरूनच चालावं लागतं. गिटगार्डियन ही कंपनी सार्वजनिक गिटहब सतत चाळत असते. २०२४ या एका वर्षात तिला तिथे २ कोटी ३८ लाख नवी सीक्रेट्स सापडली. आणि २०२२ मध्ये फुटलेल्यांपैकी ७० टक्के सीक्रेट्स तिच्या २०२५ च्या अहवालानुसार तेव्हाही चालू होती. म्हणजे मालकांना एकतर कळलं नाही किंवा कळूनही त्यांनी कुलूप बदललं नाही.

याच्याच पोटात आणखी एक. आपल्याकडे माणसं सारखी येतात-जातात. जाणाऱ्याकडून आपण लॅपटॉप, आयकार्ड, पार्किंगचा स्टिकरसुद्धा परत घेतो. त्याला माहीत असलेले पासवर्ड कोण बदलतं? मी पाहिलेल्या एकाही एक्झिट फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.

तिसरी तक्रार ‘आमची रिपो प्रायव्हेट आहे’ या उत्तराबद्दल. २०१६ मध्ये उबरचं जे झालं ते प्रायव्हेट रिपोमधूनच झालं. हल्लेखोर उबरच्या इंजिनिअर्सच्या खासगी गिटहब रिपोमध्ये शिरले, तिथे क्लाउडची की सापडली आणि तिच्या जोरावर ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती त्यांनी उतरवून घेतली. उबरने त्यांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण वर्षभर दाबलं. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड करताना १४ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. आणि कंपनीचे तेव्हाचे सुरक्षा प्रमुख ज्यो सलिवन यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं. कोडमध्ये की ठेवणाऱ्या इंजिनिअरवर खटला चालला नाही. खटला चालला तो वरच्या माणसावर, आणि तोही प्रकरण लपवल्याबद्दल.

आपण सेवा कंपन्या आहोत, म्हणून टोयोटाचं उदाहरण तर आपल्याला पाठ हवं. टी-कनेक्ट या सेवेच्या वेबसाइटच्या कोडचा काही भाग टोयोटाच्या उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सार्वजनिक ठेवला आणि त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती. ते लक्षात आलं सप्टेंबर २०२२ मध्ये, जवळजवळ पाच वर्षांनी. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड्यावर असू शकतात, असं टोयोटाला जाहीर करावं लागलं. नाव टोयोटाचं गेलं, काम उपकंत्राटदाराचं होतं. जगभरच्या अशा कितीतरी क्लायंट्ससाठी तो उपकंत्राटदार आपण असतो.

चौथी तक्रार जरा तांत्रिक आहे, पण आपल्यापैकी बहुतेक जण एकेकाळी कोड लिहीत होतात, तेव्हा समजून घ्याल. ‘एन्व्हमध्ये टाकलंय ना, मग सुरक्षित आहे’ हे वाक्य मी डिझाइन रिव्ह्यूमध्ये सतत ऐकते. २०११ च्या सुमारास हेरोकू या क्लाउड कंपनीतल्या लोकांनी वेब ॲप कसं बांधावं याचे बारा नियम मांडले. त्यातला तिसरा असा, की कॉन्फिगरेशन (सेटिंग्ज) कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून पुरवलेल्या मूल्यांमध्ये, ठेवा. कसोटी साधी होती: तुमचा कोड या क्षणी जगजाहीर केला तरी एकही पासवर्ड फुटता कामा नये. नियम उत्तम आहे आणि त्याने कोडमध्ये पासवर्ड लिहिण्याची सवय बऱ्यापैकी मोडली. पण सीक्रेट कोडच्या बाहेर काढणं ही पहिली पायरी आहे. बाहेर काढून ते कोणाच्या ताब्यात द्यायचं, हे तो नियम सांगत नाही. आपण पहिल्याच पायरीवर बसून राहिलो.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ज्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) दिलंय, तिने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोसेसला वारशाने मिळतं. ॲप कोसळलं की क्रॅश रिपोर्टमध्ये जाऊ शकतं. प्रॉडक्शनवर डीबग मोड (चुका शोधायची अवस्था) चालू राहिला तर काही फ्रेमवर्कच्या एरर पानावर अख्खी यादीच छापून येऊ शकते. फ्रंटएंडच्या (वापरकर्त्याला दिसणाऱ्या भागाच्या) प्रकल्पात तर आणखी गंभीर प्रकार आहे: नेक्स्ट, व्हीट, क्रिएट रिॲक्ट ॲप या वेब ॲप बांधायच्या साधनांत ठरावीक उपसर्ग लावलेली व्हेरिएबल्स बिल्डच्या वेळी थेट जावास्क्रिप्टमध्ये उतरतात आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या ब्राउझरपर्यंत पोचतात. डॉट एन्व्हमध्ये आहे म्हणून गुप्त आहे, असं समजून पेमेंटची सीक्रेट की तिथे ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. अनेक सर्व्हर्सवर ॲप्स चालवणाऱ्या कुबरनेटीसमध्ये ‘सीक्रेट’ नावाची वस्तू असते, तीही मुळात फक्त बेस६४ मध्ये, म्हणजे कोणालाही उलटवता येईल अशा लिपीत, लिहिलेली असते. एन्क्रिप्शन आपल्याला वेगळं चालू करावं लागतं. एका आज्ञेत ते सीक्रेट वाचता येतं.

कोडकव्हचा प्रसंग याचा धडा आहे. सीआय पाइपलाइनमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या साखळीत) टेस्ट कव्हरेज, म्हणजे किती कोडची चाचणी झाली ते, मोजायला हजारो कंपन्या हे साधन वापरत होत्या. कोडकव्हच्या डॉकर इमेज बनवण्याच्या प्रक्रियेतल्या चुकीमुळे एक क्रेडेन्शियल (प्रवेशाची गुप्त की) हल्लेखोरांच्या हाती लागलं. त्याच्या आधारे त्यांनी ३१ जानेवारी २०२१ पासून कोडकव्हच्या अपलोडर स्क्रिप्टमध्ये फेरफार केला. ती स्क्रिप्ट ज्या ज्या पाइपलाइनमध्ये चालली, तिथली सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स गुपचूप बाहेर पाठवली जात होती. १ एप्रिलला एका ग्राहकाच्या लक्षात येईपर्यंत दोन महिने हे चाललं. सीक्रेट्स सांभाळायचं व्हॉल्ट हे सॉफ्टवेअर बनवणारी हॅशिकॉर्प कंपनीसुद्धा यात सापडली आणि तिला आपल्या सॉफ्टवेअरवर अस्सलपणाची सही करण्याची की बदलावी लागली. तिने ती तातडीने बदलली आणि जगाला सांगितलं. तयारी असलेली माणसं अशी वागतात.

पाचवी तक्रार शिक्षेबद्दल. त्या मुलीचा राजीनामा घेऊन आपण सगळ्या फ्लोअरला काय शिकवलं? पुढच्या वेळी ज्याच्या हातून काही निसटेल, तो फोन करणार नाही. तो इमेज काढून टाकेल, गिटमध्ये फोर्स पुश करून जुनी नोंद पुसेल, कोणाच्या लक्षात आलं नाही याची खात्री करेल आणि गप्प बसेल. की मात्र चालूच राहील. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. सहा तासांत कळवायचं तर पहिल्या अर्ध्या तासात ज्याला दिसलं त्याने न घाबरता बोलायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा व्यवस्था न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड क्लायंटला होईल, पण करारातून तो आपल्या दारात येईल हे आपल्या कायदा विभागाला विचारून पाहा. त्या वेळी ‘मानवी चूक’ हे उत्तर चालणार नाही. माणूस चुकतो हे गृहीत धरून आपण काय बांधलं होतं, हे विचारलं जाईल.

आणि पैशांचं कारण कृपा करून पुढे करू नका. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउडच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये एका सीक्रेटला महिन्याला ४० सेंट पडतात. चाळीस ओळींच्या त्या फाईलमध्ये खरी सीक्रेट्स डझनभर होती. महिन्याला पाच डॉलरसुद्धा झाले नसते. तेही नको असतील तर त्याच क्लाउडच्या पॅरामीटर स्टोअरचा साधा प्रकार साठवणीसाठी फुकट आहे. गिटलीक्स आणि ट्रफलहॉग ही सीक्रेट्स हुडकणारी साधनं मुक्त आहेत, एका दुपारी पाइपलाइनला जोडून होतात. खर्च आहे तो माणसांच्या वेळेचा, आणि तो आपण एस्टिमेटमध्ये धरतच नाही. क्लायंटला कोट देताना ‘एन्व्हायर्नमेंट सेटअप’ म्हणून अर्धा दिवस लिहितो. त्या अर्ध्या दिवसात झिप पाठवण्यापलीकडे काय होणार?

आपण सगळे निष्काळजी आहात असं मी म्हणत नाही. बँकांची, विम्याची कामं करणाऱ्या काही टीम्स हे नेटकेपणाने करतात. त्यांच्या मुलांना प्रॉडक्शनचा पासवर्ड माहीतच नसतो आणि त्यांचं काम कुठे अडत नाही. म्हणजे आपल्याला जमतं. क्लायंटने दटावलं की जमतं, दटावलं नाही की जमत नाही, एवढाच फरक आहे. याचा मला राग येतो.

माझ्या मागण्या अशा.

सगळ्यांत आधी त्या मुलीबद्दल. तिचा राजीनामा रद्द समजून तिला परत बोलवा. तिला यायचं नसेल तर स्वच्छ अनुभव प्रमाणपत्र द्या आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तिच्याविरुद्ध एक शब्दही जाणार नाही हे लेखी द्या. क्लायंटला सुधारित अहवाल पाठवा. त्यात सगळे अधिकार असलेली की, रखडलेलं तिकीट, नसलेली डॉकरइग्नोर आणि बंद पडलेला मेलचा पत्ता, सगळं येऊ दे.

बाकी मागण्या सगळ्या कंपन्यांसाठी. प्रॉडक्शनची सीक्रेट्स माणसांच्या लॅपटॉपवर असता कामा नयेत. नव्या मुलाला डेव्हलपमेंटच्या वेगळ्या कीज आणि बनावट डेटा द्या. तो डेटा बनवायला लागणारा वेळ प्रकल्पाच्या वेळापत्रकात धरा. रिपोमध्ये ठेवायची ती फक्त नमुना एन्व्ह फाईल, जिच्यात व्हेरिएबल्सची नावं आहेत आणि त्यांची मूल्यं रिकामी. सीक्रेट्स एकाच तिजोरीत ठेवा, व्हॉल्ट असो की आपापल्या क्लाउडची सेवा असो. प्रत्येक सीक्रेटसमोर एका जबाबदार माणसाचं नाव आणि मुदत लिहा. कोणी कधी वाचलं याची नोंद राहू दे. प्रत्येक कीला तिच्या कामापुरतेच अधिकार द्या. सीआय पाइपलाइनमध्ये कायमच्या क्लाउड कीज ठेवणं बंद करा. ओआयडीसी या ओळख पटवण्याच्या पद्धतीने तेवढ्यापुरतं टोकन मिळतं आणि काम झाल्यावर थोड्या वेळात आपोआप मरतं. गिटहब आणि गिटलॅब दोन्हींवर ही सोय आहे.

कमिट करताना (गिटमध्ये बदल नोंदवताना), पाइपलाइनमध्ये आणि इमेज रजिस्ट्रीत जाण्याआधी, तिन्ही ठिकाणी सीक्रेट्सची तपासणी लावा. नव्या प्रकल्पाच्या साच्यातच गिटइग्नोर आणि डॉकरइग्नोर भरलेल्या असू द्या. फ्रेशरला रजिस्ट्रीचा ॲक्सेस पहिल्या दिवशी मिळायला हवा. सरळ रस्ता बंद ठेवला की माणसं आडवाटेने जाणारच.

दर तिमाहीला कोणतीही एक प्रॉडक्शन की निवडा आणि ती तासाभरात बदलून दाखवा. जमलं नाही तर तीच आपल्या ऑडिटमधली पहिली नोंद. माझ्या मते या एका सरावाने बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप जागेवर येतील, कारण की बदलायची तर ती कुठे कुठे आहे हे शोधावंच लागतं. एक्झिट फॉर्ममध्ये ‘बदललेल्या क्रेडेन्शियल्स’ हा रकाना घाला आणि तो भरल्याशिवाय एफ अँड एफ (शेवटचा हिशेब) पुढे सरकू देऊ नका.

गळती कळवायला एक फोन नंबर ठेवा, चोवीस तास उचलला जाणारा. जो स्वतःहून कळवेल त्याच्यावर कारवाई होणार नाही, हे धोरण म्हणून लिहा, त्यावर संचालकांची सही असू दे आणि इंडक्शनमध्ये पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. आणि या सगळ्यासाठी लागणारा वेळ एस्टिमेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून लिहा. क्लायंटने ती ओळ खोडली तर ‘खोडली’ असं त्याच्याकडून लेखी घ्या.

ज्यांना हे करायचं आहे पण सुरुवात कुठून करावी हे उमजत नाही, त्यांच्याकडे एखाद्या शनिवारी येऊन बसायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत. मोबदला नको. अट एकच, बैठकीला डिलिव्हरी प्रमुखांनी स्वतः यावं. आणि येताना आपल्या एका चालू प्रकल्पातल्या प्रॉडक्शन सीक्रेट्सची यादी आणावी: खरे पासवर्ड-कीज नकोत, फक्त नावं, प्रत्येकासमोर ते शेवटचं कधी बदललं ती तारीख आणि आज ते कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नाव.

आपली,
एक डेव्हऑप्स इंजिनिअर
पुणे